माझा हातगुण

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायचं म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील. तरी चिडलेय. गेल्या रविवारपासून घरात कुणाशी धड बोललेले नाही. लेक विचारते, "आई, झालंय काय?" तिला काय सांगू? तुझ्या आजोबांनी मला फसवलं आणि ते मला साठी उलटल्यावर कळलं, असं?

तुम्ही मला तितराचं पिल्लू दिलंत तो दिवस आठवतो का? मेंढरं चारायला माळावर गेला होतात, येताना मुंडाशाच्या पदरात एक अंडं घेऊन आलात आणि खुडूक कोंबडीखाली ठेवलंत. पिल्लू बाहेर आलं तेव्हा माझ्या ओंजळीत टाकून म्हणालात, "घे, तुझाच हाय ह्यो." आपल्या घरात 'तुझं' म्हणून मला मिळालेली ती पहिली वस्तू. दादाला सायकल होती, धाकट्याला चेंडू होता, मला कामं होती. मी त्याला वाळवी खाऊ घालायची. गोवऱ्या उलथ्या करून, वारुळं उकरून वाळवी गोळा करायची, ती चावून बोटं लाल व्हायची. मोठा झाला तसा तो कुत्र्यासारखा माझ्या मागं मागं फिरायला लागला. मी विहिरीवर निघाले की तो विहिरीवर, मी चुलीपुढं बसले की तो चुलीपुढं. त्याचं नाव काय ठेवलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

मग तुम्ही बांबूच्या कामट्यांचा पिंजरा केलात. पहाटे मला उठवायचात. मी पिंजऱ्यावर फडकं टाकून तो माळावर घेऊन जायची, तुम्ही दाखवाल त्या बोरीखाली ठेवायची आणि फडकं काढायची. "त्याच्या भावकीशी बोलू दे त्याला वाईच," तुम्ही म्हणायचात. मला किती कौतुक वाटायचं! माझ्या पाखराला एकटं वाटू नये म्हणून बाप एवढ्या पहाटे उठतो. तो मान वर करून ओरडायचा, क-तीतर, क-तीतर, आणि लांब गवतातून दुसरा उत्तर द्यायचा. एकदा मला ते ऐकत थांबायचं होतं. तुम्ही दंडाला धरून मला वळवलंत आणि असे खेकसलात की माझ्या हातातलं फडकं पडलं. "घरी जा म्हनलं ना! मानूस दिसला की त्ये बोलत न्हाई." मी रडत घरी आले, पण चूक माझीच आहे असं मला वाटलं.

त्या दिवशी दुपारी आईनं रस्सा केला होता. मी विचारलं, "कोंबडीची हाडं एवढी बारीक कशी गं?" आईनं तुमच्याकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "तलंगीचा हाय, कवळ्या कोंबडीचा. खा गुमान." तुम्ही हसलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "पोरीचा हातगुण लई चांगला हाय."

आबा, त्या एका वाक्यावर मी जन्म काढला. नर्सिंगला जायचं म्हटल्यावर सगळे नको म्हणत होते, तेव्हा मी मनात तेच म्हणत होते. दवाखान्यात रडणाऱ्या लेकराची शीर सापडेना की लोक मला हाक मारायचे. "ताई, तुम्हीच टोचा, तुमचा हातगुण आहे." दर वेळी मला तुमचा हात डोक्यावर आल्यासारखा वाटायचा. मी लोकांना सांगायचे, हे माझ्या वडिलांनी लहानपणीच ओळखलं होतं.

मी निवृत्त झाले तेव्हा लेकीनं दुर्बीण आणली. पाखरावर रोखली की आतच त्याचं नाव उमटतं. मंचरच्या गच्चीवरून मी दिसेल त्यावर ती रोखत बसायची. साळुंकीला साळुंकी म्हणाली, कोतवालाला कोतवाल. शेजारणीच्या कोंबड्याला मात्र रानकोंबडा म्हणाली, तो दोन दिवस मिशीला पीळ दिल्यासारखा हिंडत होता. मी लेकीला तोऱ्यात सांगितलं, "मला कशाला हवं यंत्र? आमच्या आबांनी सगळी पाखरं मला अशीच शिकवलीत." तेव्हाही मी तुमचीच बाजू घेत होते, बघा.

रविवारी ती मला पक्षी बघणाऱ्यांच्या घोळक्यात घेऊन गेली. कुठं, तर आपल्या पिंपळवंडीच्या माळावर. आता खाली सगळा ऊस झालाय, पण वर गवत आणि बोरी अजून आहेत. दाखवायला वारूळवाडीचा एक तरुण होता, हसतमुख, गळ्यात दोन दुर्बिणी. लेकीनं मोबाइल हातात धरला होता. आजूबाजूचे आवाज ऐकून मोबाइलच पाखरांची नावं एकाखाली एक दाखवत होता. लांबून आवाज आला आणि मोबाइलवर नाव यायच्या आधी माझ्या अंगावर काटा आला. मोबाइलनं लिहिलं, राखी तितर.

"तो असा दिसायचा न्हाई," तो तरुण म्हणाला, "पन नर लई भांडखोर. त्याच्या हद्दीत दुसरा वरडला की येतोय बगा." त्यानं खिशातून छोटा स्पीकर काढला. मी बोरीच्या सगळ्यांत जवळ होते, म्हणून माझ्या हातात दिला. "मावशी, तेवढा त्या बोरीखाली ठिवा." मी वाकले, ठेवला, मागं आले. स्पीकर ओरडायला लागला. लेकीच्या मोबाइलनं लगेच पुन्हा लिहिलं, राखी तितर. एवढं शिकलेलं यंत्र, त्यालाही खरा कोण आणि आमिष कोण ते कळलं नाही. गवतातून एक तितर मान ताठ करून पळत आला, दगडावर चढला आणि त्याच्या हद्दीत शिरलेल्याला शोधायला लागला. सगळ्यांचे कॅमेरे वाजले. तो तरुण खूश होऊन म्हणाला, "मावशी, मानलं राव! हातगुण हाय तुमचा."

मग कौतुकानं सगळ्यांना सांगू लागला, की पूर्वी लोक असंच करायचे. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचे आणि पिंजऱ्याभोवती फासे लावायचे. रानातला भांडायला आला की अडकलाच. "आमचा आजा बी करायचा. आता बंद झालं त्ये, गुन्हा हाय."

मी तिथंच दगडावर बसले. लेकीला वाटलं, ऊन लागलं.

पोट भरायला तुम्ही तितर धरलेत म्हणून मी चिडलेली नाही. घरात खाणारी तोंडं किती होती ते मला ठाऊक आहे. पण मला सांगायचं होतंत. नाही तर पिंजरा स्वतः न्यायचा होतात. माझा होता ना तो? माझ्या हातून वाळवी खाऊन मोठा झाला, आणि माझ्याच हातानं तुम्ही त्याला त्याच्या भावकीच्या जिवावर उठवलंत. वरून त्याला हातगुण म्हणालात. पुढं माझा तितर एक दिवस दिसेनासा झाला, तेव्हा मुंगसानं नेला असं तुम्ही सांगितलं होतंत आणि मी दोन दिवस जेवले नव्हते. आता त्या मुंगसावरही माझा विश्वास बसत नाही. असं होतं बघा, एक टाका उसवला की सगळी शिवण हातात येते. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, हाडं माझ्याच ताटात होती. कळून घ्यायचं नव्हतं बहुतेक.

हे पत्र कुठं टाकणार? दुर्बिणीच्या खोक्यात ठेवेन, लेकीच्या हाती लागलं तर लागलं. पण तिनं पाहिलेली एक गोष्ट तुम्हालाही सांगून टाकते.

मागं राहिलेल्या दोघांना तितर दिसला नव्हता. तो तरुण म्हणाला, "अजून एकदा लावू का?" लेक म्हणाली, "नको, पाखरू बिचारं दमतं, उगाच भांडायला पळतं." ती बरोबर बोलत होती. सगळं कळून मला घटकाही झाली नव्हती. तरी मी दगडावरून उठले, त्याच्या हातातून स्पीकर घेतला आणि बोरीखाली नेऊन ठेवला. तितर आला. मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आबा. तो पोरगा ते वाक्य पुन्हा म्हणतोय का, एवढंच मी ऐकत उभी होते.