केर्नगॉर्मवरचा नारळ

१८ मे, लेस्टर
मिहीर ऑकलंडला चालला. कायमचा. २८ जूनचं तिकीट. मित्र म्हणून तेवीस वर्षं शेजारच्या कॉव्हेंट्रीत बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटले, आता चालला. जाऊ दे. माझं काही अडत नाही. राग एवढाच की काल मराठी मंडळाच्या जेवणात तो सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाला, गिरीश दहा वर्षं स्कीइंगला जाऊ जाऊ म्हणतोय.
संकल्प : तो जायच्या आत त्याला बर्फावर हरवायचं. जमल्यास थोडं दुखवायचंही.

१९ मे
मिहीर लगेच हो म्हणाला. स्कॉटलंडला केर्नगॉर्मच्या डोंगरात जूनमध्येही बर्फाचे पट्टे राहतात म्हणे. २१ जून ठरला.

२६ मे
सेकंडहँड स्की आल्या. जिन्याच्या कार्पेटवर सराव. सहा पायऱ्या उत्तम. सातवीवर सुलक्षणा लॉन्ड्री घेऊन वर येत होती. बायको म्हणून तिने सावरायला हवं होतं. तिचं कोपर माझ्या नाकावर बसलं. मुद्दाम नव्हतं म्हणते.

७ जून
छताखालचा, बर्फाचा इनडोअर स्लोप. टेक्निक आली. थांबणं तेवढं बाकी. थांबण्यासाठी सत्तरीच्या एका बाईंचा उपयोग झाला. त्यांनी स्कीच्या काठीने माझ्या पोटरीवर तीन सणसणीत फटके दिले आणि मग सॉरी म्हणाल्या.

१२ जून
मिहीरचा फोन. सामान वाटून टाकतोय. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एकत्र राहायचो तेव्हाचा प्रेशर कुकर मला हवा का, विचारत होता. नको म्हटलं आणि फोन ठेवला. बागेतल्या रिसायकलिंगच्या बिनला लाथ घातली. बिन बाटल्यांनी भरलेला होता. अंगठा काळानिळा.

२० जून, ॲव्हीमोर (केर्नगॉर्मचा पायथा)
लेस्टरहून, बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून नारळ आणलाय. नवी गाडी, नवं मशीन, मला तरी नव्या असलेल्या स्की, नारळ फोडल्याशिवाय सुरुवात नाही. ही अंधश्रद्धा नव्हे, प्रोटोकॉल. मिहीर हसला. उद्या नाही हसणार.

२१ जून
स्की खांद्यावर टाकून तीन तास चढण. पट्टा टेनिस कोर्टाएवढा, पण उभा. मिहीर फोन घेऊन शूटिंगला खाली उकिडवा बसला. मी वर दगडावर नारळ आपटला. ग्लोव्हमधून सटकला. बर्फावर नारळाला फार वेग येतो. थेट मिहीरच्या खांद्यावर.
मी वरूनच ओरडून फ्रॅक्चर जाहीर केलं. स्किनचा डॉक्टर असलो तरी एवढं कळतं. सहा आठवडे विमान बंद, हेही सांगितलं. माझा आवाज खूश होता असं मिहीर म्हणतो. वर येऊन त्याने माझ्या कानाखाली जाळ काढला. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं गडगडत तळाला. तिथे दगडांत पुन्हा गुद्दागुद्दी. एक वॉकर जोडपं थांबून, सगळं ठीक ना, विचारून गेलं. आम्ही एकदमच येस, थँक यू म्हटलं.
मग दम संपला. मिहीर नाकातलं रक्त पुसत म्हणाला, "गिऱ्या, नको जाऊस म्हणायला काय झालं होतं तुला?"
मी म्हटलं, हवा बिघडतेय, उतरू या.
नारळ शाबूत.

२२ जून
एक्स-रे झाले. मिहीरला नुसता मुका मार. फ्रॅक्चर मला, उजवं मनगट. डाव्या हाताने लिहितोय. पण गडगडताना तळाला आधी मीच पोचलो. म्हणजे जिंकलो.

२८ जून, हीथ्रो
आज सांगायचंच ठरवलं होतं. सांगितलं की तिकडे आत्ता हिवाळा आहे, स्वेटर हाताशी ठेव. त्याने पिशवी माझ्या डाव्या हातात दिली आणि गेला. पिशवीत कुकर.

२९ जून
सुलक्षणा हॉस्पिटलात ऑन कॉल. एकट्यापुरता वरणभात लावला. तीन शिट्ट्या झाल्या. वाफही गेली. झाकण एका हाताने उघडत नाही. पूर्वी खालचं हँडल मिहीर धरायचा.
ब्रेड खाल्ला.