उथळ पाण्यातला झेंडू

आई, तू समुद्र कधी पाहिला नाहीस. तुझं पाणी म्हणजे मळ्यातली विहीर, आणि बाजाराच्या दिवशी गंगा, म्हणजे आपल्याकडची नदी. मी कॉलेजात असताना फुलांच्या पाट्या घेऊन आपण दोघी टेम्पोत बसायचो, आणि पूल आला की तू तो थांबवायला लावायचीस. टेम्पोवाला वैतागायचा, मागचे हॉर्न वाजवायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तू मात्र खाली उतरून पाटीतला एक झेंडू कठड्यावरून सोडायचीस, हात जोडायचीस आणि मग सावकाश येऊन बसायचीस. मळ्यातही तसंच. रोज सकाळच्या तोड्याची ओंजळभर फुलं आधी विहिरीला, मग देवाला, मग गिऱ्हाइकाला. एकदा मी शहाणपणा केला, म्हटलं, पाण्याला काय कळतंय. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "कळतं का नाय ते मला नको सांगू. आपण दिलं नाय तर पाणी सोताच्या हातानं घेतं."

विहिरीनं काय घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या जन्माआधीची ताई. तीन वर्षांची. घरात तिचं नाव कोणी काढायचं नाही, पण मावशीनं मला सांगितलं होतं की सकाळच्या तोड्याच्या वेळी ती विहिरीत गेली. मी मनाशी धरलं होतं की त्या दिवशी तू फुलं सोडायला विसरली असशील आणि उरलेला जन्म त्याची भरपाई करते आहेस. मला तुझी कीव यायची आणि रागही यायचा. मग तू आजारी पडलीस. दवाखान्यात मी तुला चमच्यानं मोसंबीचा रस पाजते आहे, तू भिंतीकडे बघते आहेस, आणि मध्येच म्हणतेस, "त्या दिवशी बी दिलं व्हतं मी." मला वाटलं, तापात बोलतेस. मी तुझं तोंड पुसलं. त्यानंतर तू फारसं बोलली नाहीस.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ह्यांच्या एलटीसीवर आम्ही लक्षद्वीपला गेलो. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला शार्क बघायचे होते, काचेच्या टाकीतले नाही, मोकळे. तिथे एक उथळ खाडी आहे, गुडघाभर पाण्याची. ओहोटीच्या वेळी लहान शार्क तिथे अगदी पायाशी येतात. बरोबर आलेल्या कोळ्यानं बजावलं होतं, पाण्यात काही टाकायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, दिसले की उभं राहायचं. हे कॅमेरा घेऊन काठावर थांबले. आम्ही तिघं आत गेलो. पाणी इतकं स्वच्छ की मला माझ्या पायांची नखं दिसत होती, आणि लांबवर तळाशी करड्या सावल्या सरकत होत्या. त्यांच्या पंखांची टोकं काजळात बुडवल्यासारखी काळी. कोणाला घाई नव्हती. त्या फिरत होत्या आणि प्रत्येक फेरा जरा जवळून जात होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी तर मेल्यावरही गेली नाही, ती माझ्याकडे आली. ओचे खोचताना मी घरून आणलेली पुडी कमरेला लावली होती, हळद लावलेले तांदूळ आणि एक झेंडू. एवढं मोठं पाणी, त्यात माझी पोर उभी, आणि मी रिकाम्या हातानं कशी उतरणार? कोळ्याची पाठ वळली तशी मी पुडी उलगडून पाण्यात सोडली आणि हात जोडले.

तांदूळ पाण्याला लागतात न लागतात तोच बारीक मासे आले. आधी पाच-सहा, मग पाणी नुसतं खदखदायला लागलं. मुलीला गंमत वाटली. मासे तिच्या पोटऱ्यांना गुदगुल्या करत होते आणि ती हसत होती. लांबच्या सावल्या थांबल्या. मग सगळ्या एकदम आमच्याकडे वळल्या. कोळी हळू आवाजात म्हणाला, "हिलना मत, बेटा." पण ती हलली, कारण झेंडू तरंगत तिच्या बाजूला निघाला होता. ती वाकली. एक हात पुढे, सगळं अंग त्या हाताच्या मागे.

"आई, फूल बघ. माझ्याकडेच येतंय."

तेव्हा मला विहीर दिसली. काठापाशी तरंगणारी सकाळची फुलं दिसली, आणि वाकलेलं तीन वर्षांचं पोर. तू विसरली नव्हतीस. तू दिलं होतंस, आणि ते पोर त्या फुलांपाशी गेलं. हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी तू रोज देत राहिलीस. देणं थांबवलं असतंस तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं.

मी ओरडले नाही. "हात मागे घे," एवढंच म्हटलं, आणि माझा आवाज तुझ्यासारखा आला. तिनं हात मागे घेतला. त्याच क्षणी पाणी फाटलं, फूल खाली गेलं, आणि काहीतरी जड अंग तिच्या नडगीला घासून गेलं. कोळ्यानं तिला काखेत उचललं. पॉलिश पेपर फिरवावा तशी कातडी निघाली होती, दुसरं काही नाही. रक्ताचा बारीक धागा पाण्यात लांब होत गेला आणि त्या सावल्या त्याच्यामागे गेल्या. कोळी सारखा म्हणत होता की ते माणसाला खात नाहीत, माशांमागे आले होते, पण हे एकदम आले कसे ते त्याला कळत नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही.

मुलगी तो व्रण शाळेत कौतुकानं दाखवते. मला रोज दिसतो. तुझ्याशी हे एकदा बोलायला हवं होतं, निदान त्या दुपारी, तोंड पुसायच्या ऐवजी तुझा हात धरून. तू तीस वर्षं एकटीनं त्या विहिरीच्या काठावर उभी राहिलीस आणि मला वाटायचं, तू भोळी आहेस.

हे कागद तुझ्या अस्थी सोडल्या तिथेच गंगेत सोडायचे ठरवून लिहायला बसले होते. सोडणार नाही. खरं सांगते, आई, पाण्याला काहीही द्यायची मला आता भीती वाटते.