चौकीआळीतील एका खिडकीला कालव्याचे पाणी मिळणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
कालवाकाठ वारसा व सुशोभन कक्ष,
बारामती.

विषय : खिडकीसमोरील नियोजित चित्रभिंत रद्द करून माझ्या कुटुंबास कालवा पाहू देणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस. २) माझा पाणी मागणी अर्ज, नमुना सात. ३) आपला स्थळपाहणी अहवाल.

महोदय,

१. अर्जदार महिपती गेणबा शेंडगे, वय एकाहत्तर, मूळ राहणार बावडा, तालुका इंदापूर. हल्ली मुक्काम कालवादर्शन अपार्टमेंट, पहिला मजला, चौकीआळी, बारामती. आमची जमीन चारीच्या अगदी टेलला, म्हणजे कालव्याचे पाणी जिथे पोचता पोचता राहून जाते तिथे. बेचाळीस वर्षे दर हंगामाला नमुना सात भरून पाणी मागितले. त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे मला ठाऊक आहे, आणि पुढे त्याचे काय होते हेही.

२. शेती आता मुलगा अविराज विहिरीच्या पाण्यावर करतो. माझे कुटुंब सौ. सारजा हिच्या दोन्ही गुडघ्यांनी हात टेकले, म्हणून दवाखान्याजवळ घर पाहायचे ठरले. सूनबाई अनिता यांनी जळोचीला लिफ्टचे, ऐसपैस फ्लॅट दाखवले. सारजाने एकही नीट पाहिला नाही. मग एजंटने चौकीआळीतली ही एक खोली आणि स्वयंपाकघर दाखवले. त्या दिवशी आवर्तन चालू होते. खिडकीसमोर बोळाएवढा रस्ता आणि पलीकडे काठोकाठ भरलेला कॅनॉल. सारजा खिडकीशी गेली ती हललीच नाही. म्हणाली, "जल्मभर ह्याची वाट बघितली. आता हितनंच जातंय तर मी हितंच बसती." लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, मोरीत सरळ उभे राहिले तर डोके आपटते. तरी दोन बहारांचे डाळिंब विकून आलेला पैसा यात घातला. खरे सांगायचे तर आम्ही खिडकी विकत घेतली, फ्लॅट तिच्याबरोबर आला. राहायला आलो त्या दिवशी जिना चढताना सारजाला दोघांनी धरावे लागले. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही.

३. गृहप्रवेशाला महिना होतो न होतो तोच आपली नोटीस आली. इंग्रजांच्या काळच्या कालवाचौकीमुळे आमची आळी ऐतिहासिक ठरली, याचा आनंद आहे. हा वारसा जनतेला दिसावा म्हणून कालव्याच्या कडेने अठरा फूट उंच भिंत बांधून तिच्यावर कालव्याचे चित्र काढणार, असे नोटिशीत आहे. म्हणजे कालवा भिंतीच्या मागे आणि कालव्याचे चित्र पुढे. सोबतच्या नमुन्यात बगळे आहेत, कमळे आहेत, नाव आणि नावाडीही आहे. आमच्या कालव्यात म्हशी डुंबतात. नाव कोणी घातलेली माझ्या पाहण्यात नाही, पण कलाकाराच्या आड मी येत नाही. चित्रातले पाणी बारमाही आहे, एवढे मात्र कौतुकाने नमूद करतो.

४. मी रीतसर हरकत घेतली. त्यावर आपण कळविले, की कालव्याचे पाणी पाहणे हाही त्या पाण्याचा वापरच होय, सबब लाभधारकाने विहित नमुन्यात मागणी करावी. मी नमुना सात आणून भरला. क्षेत्र : चार फूट बाय तीन फूट खिडकी. पीक : सौ. सारजा. हंगाम : तिन्ही. पाणी उचलण्याचे साधन : डोळे, मोतीबिंदू काढलेले.

५. अर्ज परत आला. शेरा असा, की नियमाप्रमाणे पाणी प्रथम टेलला द्यायचे असते, अर्जदाराची खिडकी हेडला, म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाला असल्याने टेलची मागणी पूर्ण झाल्यावर विचार करता येईल. साहेब, हा शेरा मी तीनदा वाचला. बेचाळीस वर्षे मी टेलला होतो. असा नियम असल्याचे तेव्हा कानावर होते, पण वरची रानं भिजवून तो आमच्यापर्यंत कधी पोचला नाही. मी टेल सोडून हेडला आलो आणि लगेच नियम लागू झाला. मला हसू आले आणि रागही आला. बावड्याला जाऊन राहिलो तर तो पुन्हा उलटा फिरेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

६. त्यानंतर आपले कर्मचारी श्री. चिंतामण पाहणीला आले. माणूस भला, चहा घेतला, सारजाची चौकशी केली. परंतु ते आवर्तन संपल्यानंतर आले. अहवालात लिहिले, की पाहणीवेळी कालव्यात पाणी आढळले नाही, सबब जागेवर दृश्य अस्तित्वात नाही, आणि जे नाही ते भिंतीने अडत नाही. सारजाने त्यांना विचारले होते, "सायब, चित्रातलं पाणी म्होरं कुटं जातं?" अहवालात ही बाब 'तांत्रिक' म्हणून सोडून दिली आहे.

७. भिंतीचे काम येत्या सोमवारी सुरू होणार, असे ठेकेदार सांगून गेला. विटा आल्या आहेत. तरी विनंती, की भिंत रद्द व्हावी. ते न जमल्यास तिला माझ्या खिडकीसमोर खिडकीएवढे भोक ठेवावे, भोवती हवी तेवढी कमळे काढावीत. तेही न जमल्यास इमारतीचे नाव 'कालवादर्शन' ऐवजी काय लिहायचे, ते लेखी कळवावे. मला कोर्टकचेरी करायची नाही. भांडायला मी खमका आहे, पण दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायचे आहे ते सारजाला. सोमवारनंतर ती कशाकडे बघेल, याचे उत्तर मला घरी देता येत नाही, म्हणून आपणास विचारत आहे.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

आपला नम्र,
महिपती गेणबा शेंडगे
चौकीआळी, बारामती
दि. १८ जुलै २०२५

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) नमुना सात, शेऱ्यासह.
३) सौ. सारजा यांचे म्हणणे. मी लिहून घेतले, अंगठा तिचा. "मला त्यांचं पानी नगं. तांब्याभर बी नगं. आमच्या वाट्याचं इतकी वर्सं कुनी न्हेलं, त्ये बी मी इचारत न्हाय. खुशाल न्या म्हनावं, पर माझ्या म्होरनं न्या."