त्रेचाळीस चमचे

३ मार्च, रविवार. सकाळी १०
ठकीच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला. धूळ झटकायला. पडद्यावर तिचा तो तलवारी-राक्षसांचा गेम दिसला. ही म्हणाली, ठकी तिकडेही दर रविवारी तोच खेळते, मित्रमैत्रिणींबरोबर, तास न् तास. लेक नोकरीच्या गावी एकटी राहून काय करते ते बापाला माहीत हवं. म्हणून उघडला. चौकशीपुरता. मला स्वतःला गेममध्ये काडीचाही रस नाही.

संध्या. ७.३०
अजून नाक ठरलेलं नाही. आधी आपला हीरो बनवावा लागतो आणि नाकांचे बत्तीस प्रकार आहेत. शेवटी जो तयार झाला तो हुबेहूब माझा साडू. त्याला शूरवीर म्हणायचं जिवावर आलंय.

५ मार्च
गाव सुबक. लोक शिष्ट. लोहाराकडे तीनदा गेलो, तिन्ही वेळा एकच वाक्य: शूरवीरा, वेस उघडी आहे, पुढे जा. चौथ्यांदा मी बोललोच नाही. आम्हालाही मान आहे.

गावभर माल बेवारस पडलाय. मडकी, दोर, वाट्या, चमचे. कोणाची सही नाही, नोंद नाही. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. सगळं ताब्यात घेतलं. मागच्या वर्षीच्या कोऱ्या रजिस्टरमध्ये लिहिलं.

उद्यापासून बंद.

६ मार्च
चमचे १७.

९ मार्च
वेशीपर्यंत गेलो. दार सताड उघडं, शिपाई उभा. पण अंगावर एवढा माल घेऊन गेटपासशिवाय बाहेर पडायचं? आमच्याकडे स्क्रूसुद्धा असा जात नाही. शिपायाला विचारलं, पास कोण देतं? म्हणाला, आज हवा छान आहे. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हवा छान. सरकारी माणूस सगळीकडे सारखाच.

१० मार्च, रविवार
ठकीचा फोन. नेहमीप्रमाणे मी: जेवलीस का. ती: हो. मी: आईला देतो. अठ्ठावीस सेकंद. पण हिच्या पोटात काही राहत नाही. बाबा गेम खेळतात, हे सांगून मोकळी. ठकीने फोन परत मागितला! ती नोकरीला गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदा. कुठपर्यंत पोचलास म्हणे. म्हटलं, बराच पुढे. पूल ओलांडलास का? म्हटलं, पूल तर कधीच.

तोंडातून गेलं ते गेलं.

मग ती म्हणाली, चोवीस तारखेला पाच वाजता आम्ही चौघं ड्रॅगनच्या किल्ल्यावर जातोय, तूही ये, पुलावर भेट. बोलता यावं म्हणून हेडफोन घ्यायला सांगितला.

मी अगदी थंडपणे म्हटलं, बघतो, जमलं तर. नंतर हिच्या देखत खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ही हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१४ मार्च
पूल नेमका कुठे आहे? गावात नाही. सगळी घरं पाहिली. येताना एका घरातून परात घेतली.

१७ मार्च
नवीन अडचण. हीरो चालेनासा झालाय. पडद्यावर लिहून येतं की ओझं जास्त झालंय. साडूचा स्वभावच तो, काम म्हटलं की कंबर धरतो. ही म्हणाली, थोडं टाकून द्या. टाकून द्या! नोंदवलेला माल!

आज फोनवर ठकीने तयारी विचारली. जय्यत म्हटलं. मग तिने आईला द्यायला सांगितलं. मी अजून फोन कानालाच धरून होतो. मग देऊन टाकला.

२० मार्च
कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनला विचारलं, गावचा राजा जागेवर नसेल तर पासवर सही कोण करू शकतं. त्याने गेटची वही मिटली. म्हणाला, साहेब, चार दिवस रजा टाका.

ठकी निघाली तो दिवस आठवला. नोकरी लागली, शनिवारी निघते, एवढंच म्हणाली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी फाटकात उभा राहून सामानाचे नग किती आहेत ते मोजलं. चार.

हे इथे लिहायचं कारण नव्हतं.

२४ मार्च, रविवार. दुपारी ४
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. ही म्हणाली, त्यांना तुम्ही दिसणार नाही. असू दे.

रात्री ८
फजिती. सगळी लिहितो.

पाच वाजता हेडफोन लावला. ठकीचा आवाज थेट कानात. आईला देतो म्हणायची सोयच नाही. मी पुलावर आहे, तू कुठे? म्हटलं, वाटेत. पाच दहा: वाटेतच. पाच वीसला ती म्हणाली, थांब, मीच येते. आली. चांदीच्या चिलखतात, घोड्यावर. मी वेशीच्या आत, चार पावलांवर, ढिम्म उभा. अंगावर त्रेचाळीस चमचे, नऊ मडकी, परात.

तिने विचारलं, बाबा, तू तीन आठवडे इथेच आहेस? हे सरावाचं गाव आहे. लोक इथून दहा मिनिटांत बाहेर पडतात.

खरं सांगितलं. गेटपास मिळत नाही म्हणून.

तिचे मित्र इतके हसले की हेडफोन खरखरला. ती हसली नाही. त्यांना पुढे व्हायला सांगितलं. मग म्हणाली, मी तेव्हा तुला विचारलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?

म्हटलं, हो. मग म्हटलं, नसतं. मग म्हटलं, मला करमत नाही गं.

मी हेडफोनची वायर चाचपून बघितली. मला वाटलं निघाली. वायर जागेवर होती. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, मलाही नाही करमत. चल, टाक ते सगळं.

टाकलं. एकेक नग. ती बाहेरून मोजत होती. मग वेशीबाहेर पडलो. दुसऱ्या मिनिटाला मला मारलं. ड्रॅगनने नाही, बदकाने. पिवळ्या चोचीच्या, साध्या बदकाने. पुन्हा गावात जागा झालो. आता मात्र ती हसली. खोकला येईपर्यंत. दोन वर्षांनी ऐकलं.

किल्ला राहिला. पुढच्या रविवारी फक्त बदक, असं ठरलं. एक तास दहा मिनिटं बोललो. हेडफोन काढला तेव्हा ही दारात उभी होती. मला का नाही दिलात म्हणून चिडली. म्हटलं, राहून गेलं.

रजिस्टरमध्ये सगळा माल रद्द दाखवला. बेचाळीस चमचे. एक साडूच्या खिशात ठेवलाय. त्याची नोंद केलेली नाही.