सूचनाफलकावरचे नौदल

वारजे, पुणे ५८
२१ नोव्हेंबर २००४

तीर्थस्वरूप धोंडिबा दाजी यांस मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आणि मैनाताईचा दमा कारवारच्या हवेत आटोक्यात असतील असे धरून चालतो. (दोघांचीही चौकशी केली आहे, हे ताईला दाखवावे.) इकडे समुद्रापासून इतक्या लांब माणसाला जितके सुरक्षित वाटावे तितके वाटते.

निवृत्त माणसाचे पुण्यात पेन्शन सुरू होते त्याच महिन्यात व्याख्यानेही सुरू होतात. आमच्या सोसायटीत दर रविवारी असतात. मी ‘हिंदी महासागर कोणाचा?’ हा विषय घेतला. मलाक्काच्या सामुद्रधुनीत नाकेबंदी कशी करावी, चीनचे तेल कुठे अडवावे, आपल्याला विमानवाहू जहाजे दोन हवीत की तीन, हे सगळे खडूने फळ्यावर मांडले. (टपाल कुठे अडते हे चौतीस वर्षे नोकरीत पाहिल्याने विषय जड गेला नाही.) गेल्या रविवारी खराडीला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या श्रद्धा नावाच्या मुलीने मी नौदलात होतो का असे विचारले. मी चष्मा पुसला. चष्मा पुसणे म्हणजे होकार नव्हे, पण चिटणीस सोनबा यांनी तो तसा धरला आणि सूचनाफलकावर लिहून टाकले, की नौदल दिनी, ४ डिसेंबरला, माजी नौदल अधिकारी मच्छिंद्रराव यांचा गणवेशात सत्कार होईल. फलकावर एकदा लिहिलेले पुसायला आमच्याकडे सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. मी समुद्रात गेलो तो एकदाच, अलिबागला, गुडघाभर. हे आता कोणाला सांगणार?

आज तिसरे व्याख्यान झाले. श्रद्धाने पुन्हा हात वर केला. “काका, ताफा महिनाभर समुद्रात उभा ठेवायचा म्हणता. मग एवढी माणसं खातात काय?”

फळ्यावर सामुद्रधुनी होती, तीन ताफे होते, बाण होते. पोळी कुठेच नव्हती. वेळ संपली असे सांगून मी खाली बसलो. (वीस मिनिटे शिल्लक होती.)

बाकी क्षेम. ताईला नमस्कार.

आपला मेहुणा,
मच्छिंद्र

ता. क. आपला पांढरा गणवेश कुरिअरने पाठवावा. आपण जहाजावर आचारी होता हे इथे कोणाला माहीत नाही. हळदीचे डाग असल्यास काढून पाठवावा.

दुसरा ता. क. वरचे वाचून लाज वाटली. खोडले असते, पण आंतरदेशीय पत्र घरात हे एकच आहे. हलत्या जहाजावर तीनशे माणसांचे जेवण वेळेवर कसे निघायचे, हे आपण एकोणीस दिवाळ्या सांगत होतात आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो.

शेवटचा ता. क. गणवेश पाठवू नये. तो घालून आपणच यावे, डागांसकट. सत्कार आपला, व्याख्यानही आपले. फलकावरचे माझे नाव पुसून आताच आपले लिहून आलो. ठरावाशिवाय.