उन्हाळ्यात बिघडणारा उपग्रह

होबार्ट, ता. १२ मार्च

तीर्थस्वरूप मर्लआत्यास रसेलचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे कागदावरच घातला आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वॉलबींनी यंदा तरी तुझ्या शेंगांना तोंड लावलं नसावं. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे नेरीडा खुशाल आहे आणि तिचा नवरा (म्हणजे मीच) तिच्या नजरेला नजर देत नाही.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘धक्क्यावरची काठी आता तुझी तूच वाच,’ एवढंच लिहिलंस. चुकलं माझंच. आमच्या उपग्रह केंद्राच्या छापील कागदावर ‘श्रीमती पायबस, आपली मोजमापे भरवशाची नसल्याने ती घेणे थांबवीत आहोत’ असं सख्ख्या आत्याला कोणी लिहितं का? पण तू काठी सोडलीस तर त्या बाजूला आमच्या उपग्रहाचं खरंखोटं करणारं दुसरं कोणी नाही. तेव्हा रागावण्याआधी (रागावली आहेसच, तरी) हकिकत ऐक.

उपग्रह दर दहा दिवसांनी सामुद्रधुनीतल्या तुझ्या बेटावरून जातो आणि समुद्राची उंची मोजतो. त्याचे कच्चे आकडे इथे आमच्या यंत्रांत उतरतात, आम्ही नऊ जण त्यांना न्हाऊ-माखू घालून सेंटिमीटरांत बसवतो, आणि त्याच मिनिटाला तू धक्क्यावरच्या काठीवर वाचलेला पाण्याचा आकडा शेजारी ठेवतो. हिवाळाभर दोघांचं गूळपीठ. ऑक्टोबर उजाडला, उन्हाळ्याची चाहूल लागली की भांडण: समुद्र कधी हातभर वर, कधी हातभर खाली, आणि एप्रिलात पुन्हा सगळं गोडीगुलाबीत. अशी तीन वर्षं! ब्रॉनविनने (आमचे सगळे प्रोग्रॅम हिच्या हातचे, चूक सापडली नाही तर बाई जेवत नाही) शंका काढली की उन्हाळ्यात उपग्रहाची अँटेना तापत असावी. मी लगेच त्यावर चाळीस पानं लिहिली, परदेशात जाऊन वाचली, टाळ्याही घेतल्या. अँटेना बनवणाऱ्यांनी मात्र कळवलं की टास्मानियात उन्हाळा लागल्याची बातमी तितक्या वर पोचत नाही. मग उरलीस तू. ब्रॉनविन म्हणाली, “अरे, आत्याला एक फोन तर कर!” मी फोन केला नाही. पत्र लिहिलं.

गेल्या रविवारी ब्रॉनविन आमच्याकडे जेवायला होती. नेरीडा तिला नाताळची गंमत सांगत होती.

“मर्लआत्यांकडे बाराचं जेवण म्हणजे आपल्याकडचा एक. उन्हाळ्यात सगळे घड्याळ तासभर पुढे करतात ना, त्या नाही करत.”

ब्रॉनविनने काटा खाली ठेवला. “कधीपासून?”

“सदुसष्टच्या दुष्काळापासून. सरकार म्हणालं, एकाच उन्हाळ्यापुरतं आहे. त्या म्हणाल्या, मग तेवढ्यासाठी घड्याळाला कशाला त्रास?”

“आणि आपण काठी वाचायच्या वेळा पाठवतो त्या होबार्टच्या घड्याळाने!” ब्रॉनविन माझ्याकडे वळली. “रसेल, तुला हे माहीत होतं?”

मी बटाटे वाढून घेतले.

आत्या, मला ते पाचव्या वर्षापासून माहीत आहे. जन्मभर तुझ्याकडे बाराला जेवायला एक वाजता येतोय. जेवण टाकून आम्ही केंद्रात गेलो, तासाभराची भरती-ओहोटी हिशेबात धरली, आणि तीन वर्षांचा समुद्र दोन सेंटिमीटरांत जुळला. ब्रॉनविन आनंदाने रडली. मी वेगळ्या कारणाने. तुझ्याइतकं नेमकं त्या सामुद्रधुनीत कोणी वाचत नाही, आणि तुला बिनभरवशाची म्हणालो याची मला मनापासून लाज वाटते.

तुझा भाचा,
रसेल

ता. क. सोमवारी आमचे आकडे तपासायला समिती बसते आहे. कारण पटलं नाही तर तिन्ही उन्हाळे केराच्या टोपलीत. तेव्हा ‘मी घड्याळ बदलत नाही’ असं लिहून, सही करून, हे पत्र आणणाऱ्या विमानानेच परत पाठव.

पुन्हा ता. क. त्याखाली ‘हे माझ्या भाच्याला ठाऊक नव्हतं’ अशी एक ओळ घातलीस तर तो केंद्रप्रमुख राहील.

शेवटचा ता. क. नेरीडाने पत्र वाचलं. ती ओळ घालू नकोस. ठाऊक होतं आणि विचारलं नाही, हे समितीला मीच सांगेन. तू फक्त मंगळवारी काठीपाशी जा, तुझ्या घड्याळात नऊ वाजून चार मिनिटांनी. तू नसलीस तर त्या दिवशीच्या समुद्रावर मी सही करणार नाही.