शेवट कुणाला सांगू नको

सोलापूर, १२ सप्टेंबर २०२५

चि. आरोहीस आजीचा भरघोस आशीर्वाद.

फोनवर बोलले की तुझा बाप कान लावतो, म्हणून पत्र. दिवाळीपर्यंत लिखाणावर तुझं पोट भरलं न्हाय, तर पुण्यातनं आणून नवी पेठेतल्या आपल्या कापडदुकानात गल्ल्यावर बसवीन म्हणतो.

तू पाठवलेला गोष्टीचा शेवट वाचला. सिद्धेश्वरी नवऱ्याला सोडून स्वतःचा माग चालवते, हे लई बेस केलंस. शेंगा फोडताना साऱ्या बायकांना सांगितला. मल्लव्वा तर रडली.

लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे.
तुझी बजाआजी

पुणे, २२ सप्टेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, काय करून बसलीस? मी गोष्टी टाकते त्या अ‍ॅपवर सुरुवातीचे भाग फुकट असतात. शेवटचा भाग वाचक पैसे भरून उघडतात, त्यातला वाटा मला मिळतो. माझे निम्मे वाचक आपल्याच गल्लीतले. काल शेवटचा भाग आला, तिकडून एकीनंही उघडला नाही. रेश्माकाकूंनी खाली लिहिलंय, ‘शेवट बजाआजींकडून कळला, छान आहे.’

आता बाबांचा गल्ला मला चुकत नाही. माझ्यावर माया कर, पण जीभ आवर.

तुझी रुसलेली
आरोही

सोलापूर, ६ ऑक्टोबर

चि. आरोहीच्या फुगलेल्या गालांना आशीर्वाद.

जीभ आवरायचं वय गेलं, म्हणून तिलाच कामाला लावली. मल्लव्वाला सांगितलं, पोरीनं शेवट बदलला, सिद्धेश्वरी नवऱ्याकडं परत जाते. रेश्माला सांगितलं, सिद्धेश्वरी दिराशी लगीन लावते. दोघींची नळावर जुंपली. मल्लव्वा म्हणाली, “बजाबाई मला खोटं सांगायची न्हाय.” रेश्मा म्हणाली, “मग मी काय खोटी व्हय?”

खरं कोण, हे बघायला गल्लीनं पैसे भरले. मल्लव्वानं अक्कलकोटच्या बहिणींना, रेश्मानं बार्शीच्या माहेराला साक्षीला घेतलं. त्यांनी बी भरले. आता दोघी मला शिव्या देत्यात आन तुझी पुढली गोष्ट कवा, म्हणून इचारत्यात.

तुझ्या बापानं बी खरा शेवट इचारला. सांगितला न्हाय. काल दुकानात गेले, तर गिऱ्हाईक ताटकळत उभं आन हा मोबाइलात तोंड खुपसून. डोळे पुसत म्हणाला, “आये, गल्ल्यावर दुसरं कुणीतरी बघू.”

पुढल्या गोष्टीचा शेवट मला पाठवू नको. पैसे भरून वाचीन. माझा माझ्यावर भरवसा न्हाय.

लोभ वाढव, हाटेलातलं खाणं कमी कर.
तुझी बजाआजी